हातभर अंतरावरून

गोरक्ष माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, बेलापूरचा, आणि मला तो डोळ्यांसमोर नको असायचा. हे आधीच सांगून टाकतो. कोपरगावकडच्या एका मठातली जुनी भिंतचित्रे दुरुस्त करायला पुरातत्त्व खात्याने आम्हा दोघांना पाठवले होते. त्याच वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, संशोधनासाठी एकालाच रोमला पाठवणार होते. बारा वर्षे भिंतींपुढे डोळे फोडले मी, आणि साहेबांच्या तोंडी नाव त्याचे.

आमचा नियम साधा. रंग उडालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र सलग दिसावे, हातभर अंतरावरून मात्र नवे काम ओळखू यावे. आमचा रंगही ओल्या कापसाने निघेल असा. जुना सहसा पाण्याला दाद देत नाही. दोघांच्या नोंदी एकाच वहीत असत आणि रोज सकाळी एकमेकांच्या वाचायच्या असत. त्याचे मोत्यासारखे अक्षर मला बघवत नसे, म्हणून त्याची पाने मी नुसतीच उलटत असे.

गोरक्षच्या बाजूच्या भिंतीवर एका घोडेस्वाराचा निळा शेला होता. मी नाक लावून पाहिले, एकही रेघ नाही. पठ्ठ्याने सपाट रंग फासून ठेवला होता. त्या दुपारी मला एक भाकरी जास्त गेली.

शुक्रवारी साहेब तपासणीला आले. मी त्यांना थेट शेल्यापाशी नेले.

"हे जुनं काम नाही, साहेब," म्हणालो आणि ओला कापूस फिरवला. कापूस निळा झाला. खात्री पटावी म्हणून आणखी दोनदा फिरवला.

शिडीवरून गोरक्ष घाईने उतरला. "अण्णा, थांबा. ते जुनंच हाय. मी हात बी लावला न्हाई त्याला. चिताऱ्यानं तेवढा शेला भिंत वाळल्यावर डिंकात रंगवलाय. वहीत लिवलंय की."

साहेबांनी वही उघडली. महिन्यापूर्वीची नोंद होती, खाली दोन रेघा मारलेली: शेल्याला पाणी लावू नये. साहेबांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

रोमला गोरक्ष गेला. जाण्याआधी शेल्यासाठी निळा रंग त्यानेच घोटून दिला, अगदी जुळणारा. तेवढे तरी त्याने करायला नको होते.

मग तीन दिवस मी रेघा ओढल्या, नियमाप्रमाणे. लांबून शेला अखंड दिसतो. हातभर अंतरावर या, म्हणजे मी किती पुसला ते दिसेल.