आठ दिवसांसाठी नेलेली थाळी

मित्रांनो, एक पत्र सहा वर्षे माझ्याखाली पडून होते. ते माझ्या नावाचे नव्हते, पण त्यात मागणी माझीच होती. उत्तर लिहिणे माझ्या हाती नव्हते. तरीही ते न गेलेले उत्तर मला नेहमी माझीच चूक वाटत आले.

मी एक जुनी काशाची थाळी आहे. मला कोणत्या कासाराने घडवले ते नीट आठवत नाही, म्हणून खात्रीने सांगत नाही. आठवते ते लोहगडाच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतले बाया नावाच्या ठाकरणीचे घर. रोज माझ्यात नाचणीची भाकरी पडे. वाडीत कोणी वारले की मात्र मला राखेने घासत, माझ्या मध्यावर मेणाचा गोळा लावत आणि त्यात एक बारीक काडी उभी करत. त्या काडीवरून बाया बोटे वरून खाली ओढी आणि मी भुंग्यासारखी गुणगुणे. त्या सुरावर बाया गेलेल्या माणसाची कथा लावी. ती त्याच्याच तोंडून बोले. शेवटी तिथे बसलेल्या प्रत्येकाने ‘व्हय’ म्हणायचे. एक जण जरी गप्प राहिला, तरी कथा पहिल्यापासून. त्याशिवाय गेलेला माणूस मोकळा होत नाही, असे वाडी मानी.

१९५७ साली बायाचा भाऊ सावळा गेला. त्या शिमग्यात गावातल्या कोंडाजीची गवताची गंजी जळाली होती. गवत सावळ्यानेच कापले होते, गंजीही त्यानेच रचली होती. आदल्या दिवशी तो तिथे विडी ओढताना दिसला, एवढ्यावरून गावाने त्याला बेदम मारहाण केली. ठाकरांची कामे बंद झाली. त्यांना पाणी मिळू नये म्हणून विहिरीच्या वाटेवर काटे पडले. सावळ्याने मग जेवणच टाकले आणि पावसाळ्यात तो झुरून गेला.

ज्यांच्या शेतावर माणूस राबला, त्यांना कथेचा सांगावा द्यायची रीत आहे. सांगावा गेला; पण कोणी येईल असे कोणालाच वाटत नव्हते. दुपारी कोंडाजी आला, मागे त्याची म्हातारी आई झुंबरबाई.

“या कोंडाजीभाऊ,” वाडीतला गेणू म्हणाला. “आज वाट बरी घावली!”

“आई ऐकंना म्हनून आलो. मी बसनार न्हाई.”

बाया मात्र माझ्यापाशी बसली आणि तिच्या तोंडून सावळा बोलू लागला. “म्या गवत कापलं, म्या पेंढ्या बांधल्या. माज्या हातानं रचल्यालं मी कसं जाळू?” सगळ्यांनी ‘व्हय’ म्हटले. कोंडाजीनेही उभ्या उभ्या पुटपुटल्यासारखे केले. झुंबरबाई गप्प होती.

बायाने कथा पुन्हा लावली. झुंबरबाई गप्पच. तिसऱ्यांदा लावली, तेव्हा बायाची बोटे सोलून निघाली होती.

“झुंबरमावशी, बोल की गं,” ती म्हणाली. “कवाचा ताटकळलाय त्यो.”

म्हातारीने पदर तोंडाला लावला. “चुलीतली राख म्या टाकलती गंजीपाशी. इझली आसंल म्हनून टाकली. मग वारं सुटलं.”

“आये, काय बोलतीस?”

“खरं त्येच बोलतीया. तुमी त्याला मारत व्हता तवा मी दारातच हुभी व्हते.” मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “व्हय रं सावळ्या. व्हय.”

कोंडाजी खाली बसला. त्या दिवसाने गाव बदलले असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी विहिरीच्या वाटेवरचे काटे त्याने स्वतः उचलले, आणि सावळ्याचे नाव पुन्हा चारचौघांत घेता येऊ लागले.

लोणावळ्याचे एक मास्तर त्या दिवशी ही रीत टिपून घ्यायला वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. त्यांनी चाचरत विचारले, “बायाबाई, ही थाळी आठ दिवस नेऊ का? नीट पाहून लिहीन म्हणतो.”

“न्या की. पर तिला भुकी ठिवू नगा, मास्तर. तिच्यात जेवा.”

मास्तर माझ्यात कधीच जेवले नाहीत. लोणावळ्यात तुंगार्लीला त्यांची खोली होती; तिथे त्यांनी मला पुस्तकांच्या फळीवर ठेवले आणि रोज फडक्याने पुसले. ते चार ओळी लिहीत, ‘हे मला जमणार नाही’ असे म्हणत आणि कागद फाडत. आठ दिवसांची बारा वर्षे झाली. एवढ्या पुस्तकांत एकानेही मला हाक मारली नाही. पोटात अन्न नाही आणि अंगात सूर नाही, अशी थाळी किती एकटी असते, ते कसे सांगू?

मग १९६९ साली ते पत्र आले. बायाची मुलगी हिरी चौथी शिकली होती. तिने लिहिले होते: ‘आई गेली. तिची कथा लावायची राहिली आहे. जर्मन धातूच्या थाळीवर लावून पाहिली, ती बोलत नाही. आमची थाळी धाडा. लिहून झाले नसले तरी चालेल.’

शेवटचे वाक्य मास्तरांनी पुन्हा पुन्हा वाचले. आधी लिहून पुरे करू, मग तोंड दाखवू, असे त्यांनी ठरवले आणि पत्र माझ्याखाली सरकवले. तिकडे बाया ताटकळत राहिली.

गेल्या महिन्यात पुस्तक काढताना त्यांचा हात मला लागला. मी खाली पडले आणि मोठ्याने घुमले. त्यांनी घाबरून माझ्यावर तळवा दाबला. मी गप्प झाले. शेजारी पत्र उघडे पडले होते.

त्या दुपारी मास्तर माझ्यात वरणभात जेवले. मग त्यांनी मला घासले, जुन्या धोतरात शिवले आणि आत एक चिठ्ठी ठेवली: ‘हिरीबाई, लिहून झाले नाही. थाळी अडकवून ठेवली, ही चूक माझी. कथा लावाल तो दिवस कळवा. मला व्हय म्हणायचे आहे.’

मित्रांनो, फडक्याने पुसणे म्हणजे जपणे नव्हे. कोणाची वस्तू तुमच्या फळीवर असेल, तर ती ज्यांच्या घरात बोलते त्यांच्याकडे पोचवा. तुमचे लिहिणे अर्धे राहिले तरी चालेल.

“फुटण्यासारखं काही आहे का?” टपाल कचेरीतल्या कारकुनाने विचारले.

“नाही,” मास्तर म्हणाले. “पत्राचं उत्तर आहे. जरा उशीर झाला.”

कारकुनाने शिक्का मारला. धोतराच्या आत मी घुमले, आणि या वेळी कोणी वर हात ठेवला नाही.