डावीकडचा कठडा

“मावशी, हा बघा, परत डावीकडेच!” पास्कालाने पडद्यावर बोट आपटलं. “एकशे बारावं चित्र. जिना आला की डावीकडे कठडा. उजवीकडे नाही म्हणजे नाहीच. या यंत्राला उजव्या हाताचं वावडं आहे का?”

मिरेया ओयार्सूनने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. पडद्यावर त्यांच्याच वाल्पाराइसो शहराच्या टेकड्या, रंगीत पत्र्याची घरं आणि वर चढत गेलेले जिने. खेळणाऱ्याने पळायचं ते या जिन्यांवरून. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या या छोट्या कंपनीत अठरा वर्षं ती अशी चित्रं हाताने काढत आली होती. गेल्या वर्षी यंत्र आलं. आता चित्रं यंत्र काढतं आणि मिरेया त्याच्या चुका पुसते. कधी सहा बोटांचा हात, कधी भिंतीत अर्धं घुसलेलं मांजर. आज सकाळपासून कठडे.

“खेळ तपासणाऱ्यांनी लिहिलंय, खोटे दिसतात, सगळे पुसून टाका.”

“पुसते,” मिरेया म्हणाली. मग चित्र मोठं करून ती कठड्याकडे बघत राहिली.

कठडा जहाजावरच्या जुन्या पाइपचा होता. मधोमध एक जोड, आणि जोडाखाली जरासा वाकलेला. असा कठडा अख्ख्या शहरात एकाच जिन्याला होता आणि तो तिच्या वडिलांनी बसवला होता. वडील, डॉन रोसेन्दो, गोदीत हमाल होते. दोरखंडात सापडून त्यांचा उजवा हात कायमचा गेला. तेव्हा शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांनी घराकडे जाणाऱ्या पायऱ्यांना डाव्या बाजूने पाइप ठोकला. चढताना ठीक होतं. उतरताना तोच कठडा उजवीकडे यायचा, म्हणून ते टेकडीकडे तोंड करून उलटे उतरायचे. “डॉन रोसेन्दो, चढताय की उतरताय?” शेजारची दोन्या इल्दा खिडकीतून ओरडायची. “तोंड घराकडे आहे ना? मग चढतोय!” ते म्हणायचे.

मिरेयाच्या हाताला तो कठडा असा बसला की जिना काढला की डावीकडेच. यात काही चुकतंय हे तिला कधी सुचलं नाही, आणि अठरा वर्षांत कुणी बोललंही नाही.

ती तशीच उठून मालकाकडे गेली. बास्तियान उभ्याउभ्याच पावावर अॅव्होकाडो फासत होता. छायाप्रकाश कसा टाकायचा हे त्याला तिनेच शिकवलं होतं.

“यंत्राला शिकवायला माझी चित्रं दाखवलीस?”

त्याचा हात थांबला. “कोण म्हणालं?”

“माझा कठडा मला ओळखता येतो.”

बास्तियानने सुरी खाली ठेवली. “सगळीच दाखवली, मावशी. विचारायला हवं होतं. पण तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालेच असते.”

“मग मी काय करणार होतो? याच रस्त्यावरच्या दोन कंपन्यांना कुलूप लागलं. आपण नऊ जण आहोत.” मग त्याने खण उघडून एक कागद पुढे सरकवला. “आता आलाच आहात तर हे बघा. खेळणाऱ्यांनी रान उठवलंय, यंत्राने काढलेला खेळ आम्हाला नको म्हणून. त्यामुळे आपले खेळ विकणाऱ्या कंपनीला लेखी हवंय, की सगळी चित्रं माणसाने हाताने काढलीत. सही तुमचीच लागेल. तुमच्या नावाला तिथे मान आहे. आणि तसं खोटं तरी काय आहे? सगळं तुमच्यातूनच आलंय ना?”

भांडायला अंगात त्राण लागतं. ते तिच्यात उरलं नव्हतं. “संध्याकाळी सांगते,” एवढंच म्हणून ती जागेवर आली आणि पुसायला बसली.

पहिला कठडा पुसायला तिला बराच वेळ लागला. नंतर हात आपोआप चालू लागला. पाइप जायचा, जोड जायचा, मागची भिंत सपाट व्हायची. पास्काला तिच्याकडे चोरून बघत होती.

“एवढं काय आहे हो त्या कठड्यात?”

मिरेयाने वडिलांचं सांगितलं, बास्तियानच्या कागदाचंही. पास्कालाने खुर्ची जवळ ओढली. “मग एखादा राहू द्या ना. कुणाला कळतंय?”

“ठेवला तर चूक म्हणून परत येईल. परत मीच पुसायचा.”

“मग सही तरी करून टाका, मावशी. माझ्या घरी तीन तोंडं आहेत. मला दुसरीकडे कोण घेणार?”

मिरेयाने पुढचं चित्र उघडलं. पोरीचं काही चुकत नव्हतं, आणि तेच जड जात होतं.

पाचच्या सुमाराला ती बास्तियानसमोर उभी राहिली. “पुसले सगळे.”

“आणि सही?”

“त्या चित्रांत माझं म्हणून जे होतं ते आज मी पुसलं, बास्तियान. आता सही कशावर करू?”

“असं करू नका. सही नसेल तर सोमवारी, आता कामाला येऊ नका, असं मला तुम्हाला सांगावं लागेल.”

“सोमवारी मी यायचीच नाही. म्हणजे तुला काही सांगावं लागणार नाही.”

तिने आपला कप धुतला आणि पिशवीत टाकला. मागे बास्तियान तोच कागद घेऊन हळू आवाजात पास्कालाला हाक मारत होता, आता तिच्याच नावावर भागवायचं म्हणून. पास्काला उठली. तिने मिरेयाकडे न बघता पेनाचं टोपण काढलं. मिरेयाला तिचा राग आला नाही. दार मात्र तिने जरा हळूच लावलं, सही चालू असताना आवाज नको म्हणून.

घराच्या पायऱ्या चढताना निम्म्यावर तिने वडिलांचा पाइप धरला. पाइपवर इतक्या वर्षांच्या रंगाचे थर चढले होते. जोडापाशी ते हाताने झिजून आतलं लोखंड दिसत होतं. तिथेच ती उभी राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही.

वरच्या खिडकीतून दोन्या इल्दाने डोकं बाहेर काढलं. नव्वदीला आली तरी तिची थट्टा काही बदलली नव्हती. “काय गं रोसेन्दोच्या पोरी, चढतेस की उतरतेस?”

“थांबलेय जरा,” मिरेया म्हणाली. पाइपवरचा हात तिने काढला नाही.