तक्ता आधी हवा

आमच्या औषध-पंपाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाराशे फायली. एकीमागून एक कम्पाइल व्हायला चाळीस मिनिटं लागायची. मी बिल्डला, म्हणजे या फायली जुळवून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या यंत्रणेला, एकदम आठ कामं चालवायला लावलं आणि सगळं सात मिनिटांत उरकू लागलं.

"ताई, आमचा चहा बंद केलात तुम्ही," पोरं कुरकुरली. टीमचे प्रमुख मात्र खूश. त्यांना सगळे मास्तर म्हणतात.

पंधरा दिवसांत तीनदा बिल्ड मध्येच फेल झाला. तक्त्याची फाइल सापडत नाही, म्हणे. पुन्हा चालवला की सुरळीत. "परत चालव, होतं," हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. माझ्याही.

आज सकाळी चौथ्यांदा तेच झालं, तेव्हा मी बिल्डची नोंद, लॉग, उघडून बसले. चाकाच्या एका फेऱ्यात किती औषध जातं, त्याचा तक्ता एक काम तयार करतं. मात्रेचा प्रोग्रॅम तो वाचतो. पण तक्ता आधी हवा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. एकेक करून चालायचं तेव्हा तो आपसूक आधी यायचा. आठ जण एकदम धावले की कोण पुढे, याचा नेम नाही.

मग मनात आलं, तिथं जुना तक्ता पडलेला असेल तर? बिल्ड फेल होणारच नाही. गुपचूप जुना घेऊन पुढे जाईल. चाचण्याही त्याच तक्त्यावर चालतात, त्याही पास.

कालचा लॉग काढला. मात्रेच्या प्रोग्रॅमनं तक्ता वाचला तिसऱ्या सेकंदाला, नवा तक्ता तयार झाला पाचव्या. तोच बिल्ड घालून दोन नवे, मोठ्या चाकाचे पंप आज लहान मुलांच्या वॉर्डात गेले होते. तिथं माझ्या थोरल्या नणंदबाई नर्स आहेत. जुने पंप सारखे बंद पडतात म्हणून महिनाभर त्याच माझ्या मागे लागल्या होत्या.

"मास्तर, हॉस्पिटलला कळवायला हवं."

"आधी खात्री करा. एकेक करून बिल्ड करा, ताडून बघा. उगाच नाचक्की नको."

"त्याला चाळीस मिनिटं लागतील."

मी नणंदबाईंना फोन लावला.

"वन्सं, नवा पंप लावलाय का कुणाला?"

"एका बाळाला लावलाय. काय गुणाचा आहे गं, एकदाही ओरडला नाही!"

"तो आत्ता बंद करा. औषध जास्त जातंय. चूक माझी आहे."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. धावती पावलं, कुणाला तरी मारलेली हाक. मास्तर उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"थांबवला." वन्संचा आवाज आता घरातला नव्हता. "साडेदहाला लावला होता. डॉक्टर इथंच आहेत. किती जास्त गेलंय?"

मी दोन्ही तक्ते शेजारी उघडले. जुन्यात फेऱ्याला दोन थेंब, नव्यात तीन; पंप दोन धरून चाक फिरवत होता, जात होते तीन. "दीडपट गेलंय."

"नक्की? त्यावरच पुढचं ठरणार आहे."

मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. मास्तरांनीही वाचलं आणि मान हलवली.

"नक्की. बाळ कसं आहे, वन्सं?"

"आत्ता नको विचारूस," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.