लिफ्टमामा आणि कबुतरं

भर दुपारी घराची झाडून सगळी दारं-खिडक्या बंद होती आणि आत लिफ्टमामांचा जीव उकडून निघत होता.

मामांनी उभी हयात एका कचेरीची लिफ्ट चालवण्यात काढली. माणसं वर पोहोचली, मामा मात्र त्या पेटीतच राहिले. निवृत्तीनंतर रोज सकाळी चौकात जाऊन कबुतरांना दाणे टाकायचे, एवढीच काय ती त्यांची मोकळी हवा. मग चौकात पाटी लागली, ‘पक्ष्यांना खाद्य टाकण्यास सक्त मनाई आहे.’ मामांनी ती नीट वाचली आणि सोयीचा अर्थ काढला. मनाई चौकात आहे, आपल्या गॅलरीत कुठे आहे?

मंडळी, आपणही असेच नाही का? नियम शेजाऱ्यासाठी, पळवाट आपल्यासाठी!

गॅलरीत आधी दोन-चार कबुतरं आली. ओसरी मिळाल्यावर हातपाय पसरायला कितीसा वेळ! बघता बघता त्यांचं अख्खं गणगोत मुक्कामाला आलं. कठडा, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, सगळं विष्ठेनं बरबटलं.

सून घरीच शिवणकाम करायची. तिचं मशीन गॅलरीच्या खिडकीशी होतं. ती खोकू लागली, जिना चढताना धापा टाकू लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून पहिला प्रश्न केला, “घराजवळ कबुतरं आहेत?” विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसांना सूज आली होती. तेव्हापासून खिडक्या बंद झाल्या आणि मशीन अंधाऱ्या भिंतीशी गेलं. मामा पुन्हा पेटीत अडकले, आणि या खेपेला सुनेला सोबत घेऊन. तरी सगळ्यांचा डोळा चुकवून दाणे पडतच होते.

लेकीच्या काळजीनं विहीणबाई राहायला आल्या. त्यांनी मामांना गॅलरीच्या दारातच गाठलं.

“व्याही, मुठीत काय आहे?”

“कुठे काय?” मामांनी ओशाळून मूठ उघडली. “मुके जीव आहेत हो. काचेवर चोची मारतात, माझा जीव तुटतो.”

“आणि आत खोकते तिच्यासाठी नाही तुटत?”

मामांनी मूठ पुन्हा मिटली. विहीणबाई तोंडानं फटकळ, पण समजूत घालण्यात वाकबगार. त्या खुर्ची ओढून बसल्या. “मला सांगा, तुमच्या लिफ्टमध्ये जास्तीचा माणूस चढला तर काय करायचात?”

“उतरवायचो. साहेब असला तरी!”

“त्याला वाईट वाटायचं?”

“शिव्या घालायचा. पण आतल्यांचा जीव माझ्या हातात असायचा ना!”

“मग इथेच का कचरता? तुमच्या दाण्यांवर त्यांची संख्या वाढते, आणि आपलं आपण शोधून खायची सवय मोडते. मायेनं लिफ्ट भरत चाललाय तुम्ही, व्याही. आत माझी लेक उभी आहे!”

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली. मशीन थांबलं. खोकला थांबेचना. अरे देवा! हे काय करून बसलो आपण! मामांनी मूठ दाण्यांच्या डब्यात रिकामी केली आणि झाकण घट्ट लावलं.

पुढचे दिवस जड गेले. काचेवर टकटक व्हायची, मामा पाठ फिरवून बसायचे. खिडकी उघडवत नव्हती आणि ती टकटक ऐकवत नव्हती. हळूहळू ती विरळ झाली. समोरच्या मैदानात कबुतरं गवतात टिपत हिंडू लागली. मामांनी तोंडाला फडकं बांधून, पाणी ओतून, गॅलरी स्वतःच्या हातानं खरवडून काढली.

मशीन पुन्हा खिडकीशी आलं. सुनेची औषधं चालूच आहेत, फुप्फुसं पहिल्यासारखी होतील याची खात्री डॉक्टरही देत नाहीत. पण खिडकी उघडली त्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, वारा आला हो!” मामांना तोंड लपवायला जागा सापडेना.

आता ते चौकात रिकाम्या हातानं जातात. कुणी दाण्यांची पिशवी उघडली की म्हणतात, “मालक, लिफ्ट भरलीय.” तो बुचकळ्यात पडला की त्याला पाटीजवळच्या बाकावर बसवून सुनेची गोष्ट सांगतात.

मंडळी, दाणे टाकल्याचं समाधान आपल्याला मिळतं, धूळ मात्र दुसऱ्याच्या छातीत जाते. ज्या दयेपायी कुणाला आपली खिडकी लावून घ्यावी लागते, ती दया नव्हे.