तिसऱ्या फळीखालचा वाळा

तात्याबा मेस्त्रीला बस लागते, हे घरादाराला ठाऊक होतं. गेल्या अकरा वर्षांत तो एस्टीची पायरी चढला नव्हता. केमला भाच्याच्या लग्नाला गेला तो रेल्वेने, आणि मंगळवेढ्याला बहिणीकडे जायचं तर पासष्टी उलटल्यावरही मोटारसायकलवर, कंबर धरून. "जिंदगी गेली बसचे पत्रे ठोकण्यात, आन् आत बसलं की ह्यांना मळमळतं," असं म्हणून त्याची लेक सोनाली चारचौघांत हसायची. तात्याबाही हसायचा. खरं सांगायचं तर त्याला बस कधीच लागली नव्हती.

आणि आता हीच सोनाली त्याला होटगी रस्त्यावरच्या एका भंगाराच्या आवारात जुनी बस दाखवायला घेऊन आली होती. ती आणि जावई सिद्धराम, दोघंही पुण्यात कॉम्प्युटरवरची नोकरी करणारे. करोनात घरी बसून काम सुरू झालं ते तसंच राहिलं, आणि घर कशाला एका जागी पाहिजे असं खूळ दोघांच्या डोक्यात शिरलं. जुनी बस घ्यायची, सीटा काढायच्या, आत ओटा, बिछाने, न्हाणी बसवायची, आणि पाच वर्षांच्या कस्तूला घेऊन देशभर हिंडायचं. कस्तू म्हणजे तात्याबाची नात. सहा वर्षांमागे गेलेल्या त्याच्या बायकोचं, कस्तुराबाईचं नाव तिला जन्मतःच दिलेलं. सिद्धराम कामामुळे पुण्यातच राहिला होता, कस्तू मात्र आईबरोबर आली होती.

"आबा, तुमचे आजे मेंढरं घिऊन आठ-आठ म्हयने फिरत हुते की. घोड्यावर समदा संसार. आमी चाकावर न्हेतो, येवढाच फरक," सोनाली म्हणाली. पुण्याची भाषा ती पुण्यातच ठेवून यायची.

"घोड्याला गंज चढत न्हाय," तात्याबा म्हणाला.

आवाराचा मालक प्रभुलिंग कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, गोड बोलून माल खपवणारा माणूस. सोनालीने त्याला आल्या आल्याच बजावलं, "आमचे आबा सोलापुरातले जुने वेल्डर हायत. बाकी कुणाचाबी जोड सुटंल, ह्यांचा सुटायचा न्हाय. तवा काय लपवू नका."

"आय्यो अक्का, मेस्त्रीपुढं काय लपवतो मी? बघा की निवांत."

काम हातात आलं की तात्याबातला बाप बाजूला व्हायचा. टायर कुठल्या सालचे ते त्याने बघितलं, स्प्रिंगचे पाटे बोटाने मोजले, टपाच्या सांध्यांतून पाणी कुठून उतरलंय ते सोनालीला दाखवलं. इंजिन चालू करून धूर बघितला. थोडा काळा धूर चालेल, निळा आला तर माघारी फिरायचं आणि पांढरा आला तर पळतच सुटायचं, हे त्याचं शास्त्र. कागदांवरही त्याचं तोंड सुटलं. "आरटीओत ही प्रवासी गाडी म्हणून हाय. आत चूल मांडलीस की ती प्रवासी ऱ्हात न्हाय. आदी तितं इचार, मंजुरी घे. न्हायतर पयल्या नाक्यावरच पोलिस तुज्याच चुलीवर चा करून पिईल. आन् पान्याची टाकी येका अंगाला ठिवू नगं, वळणावर गाडी तिकडंच झुकंल."

सोनाली सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होती. शेवटी त्याने वाकून बॅटरीच्या उजेडात गाडीची खालची बाजू बघितली. चेसिसवर काळ्या रंगाचा जाड थर होता.

"रंग दिसला की खरवडून बगायचं, सोने. चेसिसला कुणी शोभंसाठी रंग देत न्हाय. झाकाय देत्यात."

पण गुडघ्यामुळे त्याला आत सरपटता येईना, म्हणून खरवडायचं राहिलं. गाडी तशी बरी होती. पांढरी, साधी, चौदा वर्षांची. गेली काही वर्षं ती कारखान्याच्या कामगारांना नेत होती म्हणे. एक चक्कर मारून बघू, असं प्रभुलिंग म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला. तात्याबा दारातच थबकला, तेव्हा सोनालीने हसत विचारलं, "गोळी घेतली का, आबा?" लेकीपुढे काय बोलणार? दांडा धरून तो चढला.

चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारून त्याचे कान गेले होते. लोक ओरडून बोलले तरच ऐकू यायचं. गाडी मात्र तो तळपायांनी ऐकायचा. रस्ता सरळ होता तोवर सगळं ठीक होतं. प्रभुलिंगने डावीकडे वळण घेतलं आणि तात्याबाच्या पायाला खालून एक ठोका लागला. एकच. कुणी तरी खालून बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा.

त्याने वहाण काढली आणि अनवाणी पाय फळीवर टेकला. पुढच्या वळणावर पुन्हा तो ठोका आला. मागच्या चाकाच्या जरा पुढे, डाव्या अंगाला.

जुनी गाडी आहे, वाजायचीच, असं त्याने मनाला बजावलं. अकरा वर्षांमागची ती बस लाल पट्ट्यांची होती आणि तिचा नंबर कर्नाटकचा होता. ही पांढरी, हिचा नंबर महाराष्ट्राचा. तरी आवारात परतल्यावर त्याने विचारलंच, "गाडी मुळची कुटली?"

"पलीकडची हो, कर्नाटकातली. नंतर हितं आणून नंबर घेतला," प्रभुलिंग म्हणाला. "का?"

"कायबी न्हाय," म्हणून तात्याबा सीटवर बसला. अनवाणी पाय त्याने फळीवरून वर उचलून धरला.

सोनालीला त्यातलं काहीच दिसलं नाही. तिने खिशातून खडू काढला आणि सीटांमधल्या मोकळ्या जागेत वाकून आखणी सुरू केली. हा ओटा. हे कपाट. इथे आमचा बिछाना. आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, डाव्या अंगाला, जिथली सीट आधीच निघालेली होती तिथे, तिने एक छोटा चौकोन काढला. "ही कस्तूची खाट."

कस्तू लगेच त्या चौकोनात आडवी झाली, कान फळीला लावून. प्रभुलिंग गाडी सावलीला घ्यायला निघाला, तसा गाडीला हिसका बसला.

"आज्जा," कस्तू ओरडून म्हणाली, कारण आज्ज्याशी ओरडूनच बोलायचं असतं हे तिला माहीत होतं, "हितं खाली बाळ हाय. पैंजण वाजतंय त्याचं."

सोनाली हसली. "नट-बोल्ट असंल गं, ढिला."

तात्याबा हसला नाही.

अकरा वर्षांमागे एक उलटलेली बस ओढत ओढत बसप्पा उस्तादाच्या गॅरेजात आणली होती. तात्याबा तिथे मुख्य वेल्डर होता. अपघातात चार माणसं गेली होती आणि त्यांतलं एक लेकरू होतं; त्या लेकराचं गाव तेवढं पेपरात आलं होतं. बसप्पाच्या गॅरेजची एक रीत होती. अशा गाडीत जे सापडेल आणि ज्याला मालक उरला नाही, ते भंगारात टाकायचं नाही आणि घरीही न्यायचं नाही. पुरचुंडी बांधून त्याच गाडीच्या फळीखाली ठेवायचं आणि ती फळी पुन्हा उचलायची नाही. तात्याबाला सीटखाली चांदीचा एक वाळा सापडला, घुंगरांचा, बांगडीएवढासुद्धा नाही. तो धनगराचा पोर. त्याने घरातली काळी लोकर आणली, वाळ्याबरोबर बिरोबाचा भंडारा ठेवला आणि आज्ज्याने शिकवलेली मेंढरं बांधायची गाठ मारली.

इथवर सगळं चांगलंच होतं. पण त्या पुरचुंडीखाली चेसिस तडकलेली होती. पुरी काढून बदलायची तर आठ दिवस हवेत, आणि मालकाला गाडी दोन दिवसांत पाहिजे होती, लग्नसराईची भाडी घेतलेली. "पट्टी मार, रंग दे, मोकळा हो," बसप्पा म्हणाला. तात्याबाने पट्टी मारली. जोड धरणार नाही हे त्याच्या हातांना मारतानाच कळलं होतं. मग त्याने चिमूटभर भंडारा आणखी टाकला, हात जोडले आणि म्हणाला, देवा, आता तूच धर. मेस्त्रीने करायचं काम त्याने खुशाल देवावर ढकललं, आणि भक्ती केली असं स्वतःला सांगितलं.

गाडी गेली आणि त्याची झोपही गेली. रोज सकाळी पेपर उघडून तो आधी अपघाताच्या बातम्या वाचायचा, नंबर शोधायचा. महिन्याभरात त्याने गॅरेज सोडलं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायला लागला. जाळीचा जोड सुटला तर कुणी मरत नाही. कस्तुराबाईला त्याने एवढंच सांगितलं होतं की एक काम वाईट केलंय. "मग जाऊन सांगा की ज्येची हाय त्येला," ती म्हणाली होती. मरेपर्यंत तिने चार-पाचदा तरी विचारलं असेल, सांगितलं का म्हणून. बस कुठे गेली ते कळलं नाही, असं तो सांगायचा. शोधायला तो कधी गेलाच नव्हता.

"आबा, बोला की. घ्यायची ना?" सोनाली समोर उभी होती. "इसार देऊ का?"

"नगं."

"का?"

"इंजिन बरं न्हाय."

"आत्ता तर तुमीच म्हनलात, धूर चांगला हाय."

"टप गळतोय."

"त्येला दोन दिसाचं काम, हेबी तुमीच म्हनलात." सोनाली त्याचीच लेक होती, एक एक खोटं पकडत गेली. तो आपला गिअर, ब्रेक, काय सुचेल ते बोलत राहिला. शेवटी ती वैतागली. "ऱ्हाऊ द्या. तुमाला आमी कुटं जावंच वाटत न्हाय. सरळ सांगा की तसं."

लेकीचा राग परवडला. ती घेणार नाही, कस्तू त्या चौकोनात झोपणार नाही. तात्याबाचा जीव भांड्यात पडला होता, एवढ्यात प्रभुलिंगने तोंड उघडलं.

"जुलूम न्हाय हं, अक्का. तुमी न्हाय म्हनलात तर न्हाय. सकाळी येक शाळावाले येतेत, त्येंला पायजेच हाय. पिवळा रंग मारून देतो म्हनलोय मी. पन्नास लेकरं आरामात बसतेत की हिच्यात."

पिवळा रंग. म्हणजे रंगावर रंग. तात्याबाने बाहेर बघितलं. आवारात एक माणूस भर दुपारी गॅसच्या कटरने ट्रकचा सांगाडा कापत होता, ठिणग्या उडत होत्या. आपण आत्ता उतरून घरी जाऊ शकतो, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. जाऊन पुन्हा पेपर उघडायचा. फक्त आता नवा नंबर ठाऊक झाला होता आणि आत कोण बसणार तेही.

"प्रभुलिंग," तो म्हणाला, "टॉमी आन. फळी उचकायची हाय."

"कुटली फळी?"

"त्या चौकोनातली. डावीकडनं तिसरी."

लोखंडी टॉमी हातात घेऊन तो गुडघ्यावर बसला. दुखलं तरी बसला. फळ्यांवरचं रेक्झीन फाडलं, कस्तूच्या खाटेच्या खडूच्या रेघा मधोमध तुटल्या. फळी करकरत वर आली. खाली धूळ होती, जळमटं होती, आणि काळ्या लोकरीची एक पुरचुंडी, एका बाजूने उंदराने कुरतडलेली. त्या भोकातून चांदी दिसत होती. भंडाऱ्याचा पिवळा रंग अजून ताजा होता. गाठ तशीच होती.

"ही गाठ..." सोनाली म्हणाली. लहानपणी तिची दप्तराची दोरी त्याच गाठीने बांधलेली असायची.

तात्याबाने पुरचुंडी बाजूला ठेवली, हात आत घातला आणि टॉमीच्या टोकाने चेसिसवरचा काळा रंग खरवडायला लागला. रंगाचे पोपडे निघाले. त्याची पट्टी दिसली. पट्टीच्या खालून तडा बाहेर निघून वीतभर पुढे सरकला होता. नख घातलं तर नख आत जात होतं. प्रभुलिंगने वाकून बघितलं आणि तो मटकन सीटवर बसला. "शिवा शिवा," एवढंच म्हणाला.

"ही पट्टी मी मारली," तात्याबा म्हणाला. "टिकायची न्हाय हे म्हाईत असून मारली. वर रंग दिला. अकरा वरसं झाली. ह्यात किती मानसं बसली आसतील सोने, मला मोजाय येत न्हाय."

सोनालीने त्या तड्यात आपलं नख घालून बघितलं. तिचं तोंड बघवत नव्हतं. ती म्हणाली, "आन् मी समद्यांला सांगत फिरती, आमच्या आबांचा जोड..."

"व्हय. आता हे सांगत जा."

तो प्रभुलिंगकडे वळला. "कटर दे. मी ही चेसिस कापतो. मग ही भंगारच. कुनालाच जायची न्हाय."

प्रभुलिंगचं गिऱ्हाईक गेलं होतं, आणि दुसरं सकाळी येणार होतं. त्याने एकदा त्या तड्याकडे बघितलं, एकदा कस्तूकडे. मग उठून बाहेर गेला आणि नळ्या ओढत कटर घेऊन आला. "माझ्या पोरीबी गाडीनंच जातेत शाळंला," असं काहीतरी तो पुटपुटला. काळ्या काचेचा चष्मा त्याने स्वतःच्या हाताने तात्याबाला दिला.

सोनालीने पोरीला लांब नेलं. तात्याबाने आधी आपली पट्टी कापली, मग तड्याच्या दोन्ही बाजूंनी ते लोखंड. रेघ सरळ गेली. गाडी डाव्या अंगाला खचली आणि थांबली.

तो उतरला तेव्हा सोनाली पाठमोरी उभी होती. तिने त्याला हात दिला नाही. कस्तू मात्र धावत आली. लोकरीतून निघालेला तो वाळा तिच्या मुठीत होता, बोटं भंडाऱ्याने पिवळी झालेली.

"आज्जा, कुनाचा हाय?"

"नाव न्हाय ठाव. इचारलंच न्हाय मी कुनाला." त्याने वाळा मागायला हात पुढे केला. "आता इचारून यायला पायजे. गाव म्हाईत हाय."

"कशानं जायचं?"

"बसनं," तात्याबा म्हणाला.

वाळा देण्याआधी कस्तूने तो त्याच्या कानापाशी नेला आणि जोरात हलवला. "ऐकू येतंय का?"

त्याच्या कानांत काहीच शिरलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "लई वरसं झाली, ऐकतोय."