पाखराच्या पायातला दोरा

"कोणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी सांगणारच नव्हतो," असं म्हणून दिनकररावांनी सांगायला सुरुवात केली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं आणि त्यांच्या पत्नी प्रभाताई त्यावर आंबेहळद उगाळून लावत होत्या, तेव्हा न सांगून भागणारही नव्हतं. दिवाळीत ते बसच्या पायरीवरून घसरले तेव्हाच ठरलं होतं, की पुन्हा पडलात तर त्या दिवसापासून शाळा बंद. ठरवलं प्रभाताईंनी, मान डोलावली दिनकररावांनी.

शाळा दिल्लीच्या पहाडगंजातली, मराठी. घर मात्र दोन वर्षांपासून नोएडात, मुलाने, प्रसन्नने, कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटमध्ये. निवृत्तीनंतरही दिनकरराव दहावीला जीवशास्त्र शिकवायला जात. जाऊन-येऊन तीन तास, दोन बस. पाखराची हाडं पोकळ असतात म्हणून ते उडतं, हे ते वर्गात सांगत. संध्याकाळी आपलीही पोकळ होतात, पण उडता काही येत नाही, हे सांगत नसत. तरी जायचं. सेक्टरच्या फाटकावरचा वॉचमन अजून फ्लॅटचा नंबर विचारायचा. शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की भागत होतं.

सून मृणाल नुकतीच ऑफिसातून आली होती. पर्स खांद्यावरच ठेवून ती टेकली. ऐकणारं माणूस वाढलं तसा दिनकररावांचा आवाजही चढला.

ते म्हणाले, बस खचाखच भरलेली. वरच्या दांडीला हात घातला आणि डोळा लागला. पण पडायची काळजी पाखराला नसते. पाखरू फांदी धरतच नाही मुळी. ते बसलं की पाय मुडपतात, पाय मुडपले की पायामागचा दोरा, म्हणजे कंडरा, ताणला जातो, दोरा ताणला की बोटं आपोआप मिटतात. त्याचं वजनच त्याला धरून ठेवतं, म्हणून ते झोपेतही पडत नाही. तीस वर्षं कबुतराचा सांगाडा हाताळून तो दोरा आपल्याही अंगात उतरलाय, हे आज कळलं.

मृणाल हसली. "बाबा, बिल्कुल काहीही."

"अगं, पुढे तर ऐक."

यमुनेच्या पुलावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागच्या बाकावर चौघे पत्ते खेळत होते, त्यांचा हुकमाचा एक्का म्हणे ड्रायव्हरच्या खिशात जाऊन पडला. उभी असलेली बावीस माणसं एकावर एक आडवी झाली. लोंबकळत राहिले एकटे दिनकरराव, तेही घोरत. कोणाचा तरी स्टीलचा डबा उडून कपाळावर आदळला, त्याचंच हे टेंगूळ. त्यानेही जाग आली नाही. सेक्टर आला तेव्हा दोघांनी मिळून एकेक बोट दांडीवरून सोडवलं, कंडक्टरने गुदगुल्या केल्या, तेव्हा कुठे मूठ उघडली.

मृणाल डोळे पुसत होती. प्रभाताई हसल्या नाहीत. बोटावर उरलेली हळद त्यांनी वाटीच्या काठाला पुसली.

"बसायला जागा नव्हती का मिळाली?"

"छे. कोण देतंय?"

"मग थोडं टेकून तरी?"

त्या आवाजातली माया ऐकून दिनकररावांना वाटलं, गोष्ट पटली. आता एकच पायरी वर न्यायची होती.

"टेकतोय कशाला? थेट सेक्टरपर्यंत ताठ उभा होतो. गुडघा म्हणून वाकवला नाही. साठी उलटलेल्या माणसाला जमतं का, विचार कोणालाही."

प्रभाताईंनी वाटी खाली ठेवली. लग्न झाल्यापासून संध्याकाळच्या शिकवण्या त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकल्या होत्या, पोळ्या लाटता लाटता, एकच धडा वर्षानुवर्षं. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात हातात घेतला, मिटलेली मूठ सावकाश उलगडली. तळव्यावरची कातडी खरचटून लाल झाली होती, रस्त्याचे बारीक खडे अजून रुतलेले होते.

"पाय मुडपला तरच दोरा ताणला जातो," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं की बोटं सुटतात. तुम्हीच शिकवता ना हे? मग ताठ उभे होता, तर सुटला असाल. पडलात तुम्ही."