जमनाच्या दाढेखालचं हाड

धुळ्याच्या दवाखान्यात माझी बायको जमना सकाळी वारली. दुपारी तिला घेऊन शिरपूरजवळच्या आमच्या गावी आलो, तर माझ्या दारात चार माणसं आणि मंत्रतंत्र करणाऱ्या सुकदेवबाबाच्या ओट्यावर सारं गाव. बाबाच्या हातात पितळी ताट. ताटात हळदकुंकू आणि मधे करड्या हाडाचा तुकडा.

"हाई हाड मसणमानं शे! दवाखान्यात नेण्याआधी जमनाअक्काच्या तोंडातून मंत्रानं काढलं मी. बठ्ठा देखा, सारे देखा!"

"पण घातलं कोणी, बाबा?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"जिच्या हातची भाकर खात होती, तिनं!"

साऱ्या माना माझ्या शेजारणीकडे, बेबाबाईकडे वळल्या. जमनाला चावता येईना, म्हणून ही एकटी बाई रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताकात कुस्करून आणायची. तीच भाकरी आता करणी ठरली. तिच्या घरावर दगड पडू लागले. ती मागच्या दाराने माझ्याकडे आली.

"रुपचंदनाना, मी कुठं जाऊ?"

मी कडी लावली. बाहेर गाव, आत जमनाचं प्रेत आणि आम्ही दोघं. बाहेर पडायला वाट नव्हती. रात्री गाव पांगल्यावर बेबाबाई शिरपूरला बहिणीकडे निघून गेली आणि सकाळी जमनाला अग्नी दिला.

दहावं झाल्यावर, जमनावर उपचार करणाऱ्या दातांच्या डॉक्टर निलोफर माझ्या सांगण्यावरून धुळ्याहून आल्या. आम्ही थेट ओट्यावर गेलो. बाबा दुखऱ्या दाढा हाताने उपटतो आणि बरणीत भरून मिरवतो. जमनाची दाढ मी लगेच ओळखली. तिच्यात चांदी भरलेली होती. डॉक्टरांनी ती उचलून ताटातल्या हाडाच्या खड्ड्यांवर ठेवली. दोन्ही मुळं आत बसली.

लोक वाकून बघू लागले.

"हे जमनाबाईंच्याच जबड्याचं हाड आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांची हाडं ठिसूळ होती, म्हणून सुई चालू होती. त्या औषधानं कंबर, मांडी मोडायची वाचते. पण एखाद्याची, दाढ काढल्यावर, जखम भरत नाही. जबड्याचं हाड उघडं पडतं, मरतं, तुकडा सुटून येतो. या बाबांनी दाढ उपटली, वर महिनोन्‌महिने राख भरली. पू गळ्यात उतरला, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या."

बाबा हसला. "देखा, करणी किती हुशार! दाढेच्या मापाचं हाड बनवलं!"

दोन-चार माना हलल्यासुद्धा. तेवढ्यात मागून पुना शिंपी म्हणाला, "बाबा, बेबाअक्का एवढी कारागीर असती, तर तिनं जमनाअक्काला कवळीच नसती करून दिली?"

लोक हसले. बाबाने ताट झाकलं.

माझं सांगणं एवढंच. हाडांचं औषध मनाने बंद करू नका. सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. दाढ काढायची वेळ आली तर कोणतं औषध चालू आहे ते डॉक्टरांना आधी सांगा. हिरडीतून हाड दिसलं तर दवाखाना गाठा. ते हाड तुमचंच असतं, शेजारणीने घातलेलं नसतं.

त्या दिवशी लोक हसून घरी गेले. बेबाबाई शिरपूरला बहिणीकडेच आहे. तिच्या अंगणातले दगड अजून कोणी उचललेले नाहीत, आणि परत चल म्हणायला गावातून कोणी गेलेलं नाही.